प्राचीन परंपरांचा ज्यू व ख्रिस्ती धर्मग्रंथांवरील प्रभाव : 'ख्रिस्तपुराणा'च्या आधारे एक विवेचन

प्रास्ताविक

श्रद्धावंताच्या दृष्टीने धर्मग्रंथाचा उगम ईश्वरी असतो. त्या श्रद्धेविषयी अभ्यासकाला काही म्हणावयाचे नसते. परंतु धर्मग्रंथ ज्या भाषेत अवतरतो ती भाषा, ज्या रचनाप्रकारात तो बांधला जातो तो प्रकार आणि ज्या कथांच्या द्वारे तो बोलतो त्या कथा बहुधा त्या समाजात आधीपासून नांदत असतात. म्हणूनच ज्यू व ख्रिस्ती धर्मग्रंथांवर त्यांच्या पूर्वीच्या ग्रंथांचा व परंपरांचा प्रभाव कोणता, हा प्रश्न गेली दीडशे वर्षे जगभरच्या अभ्यासकांनी गांभीर्याने हाताळला आहे.

आपल्याकडे मात्र या प्रश्नाची चर्चा पुष्कळदा दोन टोकांना जाते. एका टोकाला 'त्यांनी सर्व काही दुसऱ्यांकडून उचलले' असा आरोप असतो. दुसऱ्या टोकाला 'आमच्या ग्रंथावर कोणाचाच प्रभाव नाही' असा अभिमान असतो. दोन्ही भूमिकांत 'प्रभाव' या शब्दाचा अर्थ उसनवारी किंवा चोरी असा गृहीत धरलेला असतो. प्रभावाची प्रत्यक्ष प्रक्रिया याहून गुंतागुंतीची आहे. ती समजून घेण्यासाठी मराठीच्या अभ्यासकाजवळ एक असे साधन आहे, जे पश्चिम आशियाच्या अभ्यासकाला सहसा लाभत नाही. ते साधन म्हणजे फादर थॉमस स्टीफन्सकृत 'ख्रिस्तपुराण'. येथे कर्ता ज्ञात आहे, काळ ज्ञात आहे, स्थळ ज्ञात आहे आणि ज्या परंपरेतून त्याने रचनाप्रकार घेतला ती परंपराही आपल्या पूर्ण परिचयाची आहे.

प्रस्तुत लेखात प्रथम प्रभाव ठरविण्याचे निकष मांडून पश्चिम आशियातील काही सुस्थापित उदाहरणे पाहिली आहेत. त्यानंतर वऱ्हाडातील महानुभाव वाङ्मयाच्या साहाय्याने मौखिक परंपरेचा प्रश्न तपासून, शेवटी 'ख्रिस्तपुराण' व त्यापुढील मराठी प्रयत्न यांचा विचार केला आहे.

१. प्रभाव ठरविण्याचे निकष

दोन ग्रंथांत साम्य आढळले म्हणजे एकाचा दुसऱ्यावर प्रभाव सिद्ध झाला असे होत नाही. पूर, दुष्काळ, जन्म, मृत्यू हे अनुभव सर्व मानवजातीचे आहेत. त्यांच्याविषयीच्या कथांत स्वतंत्रपणेही साम्य उद्भवू शकते. म्हणून किमान चार गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली, काळाचा क्रम : प्रभाव टाकणारा ग्रंथ आधीचा आहे काय ? दुसरी, संपर्काचा मार्ग : व्यापार, राज्यविस्तार, निर्वासन, शिक्षण यांपैकी कोणत्या वाटेने तो ग्रंथ पोहोचू शकला ? तिसरी, साम्याची घनता : साम्य एखाद्या सर्वसामान्य कल्पनेपुरते आहे की तपशील, क्रम आणि शब्दयोजना यांतही आहे ? चौथी, भेदाचे स्वरूप : घेणाऱ्याने घेतलेल्या सामग्रीत काय बदलले ?

यांतील चौथा निकष सर्वांत महत्त्वाचा असूनही त्याकडेच दुर्लक्ष होते. साम्य दाखविले की काम संपले असे मानले जाते. वस्तुतः नव्या ग्रंथाचे स्वतःचे म्हणणे कळते ते त्याने केलेल्या बदलांतून.

हे निकष न लावता केलेली विधाने किती काळ टिकून राहतात याचे एक उदाहरण भारताशी निगडित आहे. निकोलस नोटोव्हिच या रशियन लेखकाने १८९४ साली येशूच्या अज्ञात जीवनाविषयी एक पुस्तक प्रसिद्ध केले. लडाखमधील हेमिस मठातील हस्तलिखितावरून येशूचे भारतातील वास्तव्य सिद्ध होते, असा त्याचा दावा होता. मॅक्सम्युलर यांनी त्याच वर्षी त्यावर कठोर आक्षेप घेतले आणि तसे हस्तलिखित पुढे कधीही अभ्यासकांसमोर आले नाही. तरीही हा दावा लोकप्रिय लेखनात अद्याप वावरतो. संपर्काचा पुरावा नसताना केवळ आवडते म्हणून स्वीकारलेले मत म्हणजे संशोधन नव्हे, हे या उदाहरणावरून ध्यानात यावे.

२. पश्चिम आशियातील पुरावा

ज्यू लोकांचा 'तनख' म्हणजेच ख्रिस्ती परंपरेतील 'जुना करार' होय. त्याची रचना अनेक शतके चालली. इस्राएल हा प्रदेश इजिप्त आणि मेसोपोटेमिया या दोन महान संस्कृतींच्या मधल्या रस्त्यावर वसलेला होता. इ. स. पू. ५८६ मध्ये बाबिलोनी सैन्याने जेरुसलेमचा पाडाव केला आणि ज्यू समाजातील प्रमुख वर्गाला बाबिलोनमध्ये नेण्यात आले. इ. स. पू. ५३९ मध्ये इराणच्या कुरूश राजाने बाबिलोन जिंकल्यावर परतीचा मार्ग मोकळा झाला. संपर्काची वाट अशी इतिहासानेच आखून ठेवलेली आहे.

(अ) जलप्रलयाची कथा

३ डिसेंबर १८७२ रोजी लंडन येथे जॉर्ज स्मिथ यांनी निनवे येथील असुरबनिपाल राजाच्या ग्रंथालयात सापडलेल्या मातीच्या विटेचे वाचन जाहीर केले. ती 'गिल्गमेश' महाकाव्याची अकरावी वीट होती. तीत उत्नपिश्तिम नावाच्या पुरुषाला देव प्रलयाची सूचना देतो, तो नौका बांधतो, प्राण्यांना आत घेतो, नौका पर्वतावर टेकते, तो एकामागून एक पक्षी सोडून जमीन उघडी पडली की नाही हे पाहतो आणि शेवटी यज्ञ करतो. बायबलमधील 'उत्पत्ती' या ग्रंथातील नोहाच्या कथेत हाच क्रम आहे. गिल्गमेशमध्ये कबुतर, पाकोळी व कावळा सोडले जातात. नोहा प्रथम कावळा व नंतर कबुतर सोडतो. इतक्या बारीक तपशिलातील साम्य योगायोगाने येत नाही. शिवाय 'अत्रहसिस' या आणखी जुन्या बाबिलोनी काव्यातही प्रलयाची कथा आहे आणि त्याच्या प्रती इ. स. पू. सतराव्या शतकापर्यंत मागे जातात.

आता भेद पाहू. 'अत्रहसिस'मध्ये माणसांच्या गोंगाटाने एन्लिल देवाची झोपमोड होते, म्हणून प्रलय येतो. 'उत्पत्ती'मध्ये पृथ्वीवर हिंसा व दुराचार माजला म्हणून प्रलय येतो. बाबिलोनी कथेत देव परस्परांशी भांडतात, पाण्याला घाबरतात आणि उपासमार झाल्यामुळे यज्ञाच्या वासाभोवती माश्यांसारखे जमतात. हिब्रू कथेतही यज्ञाचा सुवास देवापर्यंत पोहोचतो. परंतु भूक, भांडण आणि भीती गळून पडलेली आहेत आणि त्यांच्या जागी मानवाशी केलेला करार आलेला आहे. कथानक जुनेच आहे. कथेला विचारलेला प्रश्न मात्र नवा आहे. देवांची सोय हा प्रश्न मागे पडला आणि न्याय हा प्रश्न पुढे आला.

(आ) कायदा

बगदादजवळ १९४० च्या दशकात एश्नुन्ना या राज्याचे कायदे सापडले. एका बैलाने दुसऱ्याचा बैल मारला तर जिवंत बैलाची किंमत आणि मेलेला बैल दोन्ही मालकांनी वाटून घ्यावेत, असे त्यातील ५३ वे कलम सांगते. 'निर्गम' या ग्रंथाच्या २१ व्या अध्यायातील ३५ वे वचन हाच तोडगा देते. शेतीवाडीच्या समाजात असे तंटे नेहमीचे असल्याने हा कायदा न्यायनिवाड्याच्या सामायिक परंपरेतून आला असावा. परंतु बैलाने माणूस मारला तर काय, या मुद्द्यावर फरक पडतो. बैल मारका आहे हे सांगूनही मालकाने बंदोबस्त केला नसेल, तर हम्मुराबीच्या संहितेत त्याने चांदीच्या रूपाने भरपाई द्यावी असे आहे. 'निर्गम'मध्ये त्या बैलाला दगडमार करावा, त्याचे मांस खाऊ नये आणि निष्काळजी मालकही देहान्त शिक्षेस पात्र ठरतो, असे सांगितले आहे. खंडणीची सोय त्यानंतर येते. मनुष्यजीव ही केवळ मालमत्ता नव्हे, हे म्हणणे या बदलातून व्यक्त झाले आहे.

(इ) नीतिवचने

'आमेनेमोपेची शिकवण' हा इजिप्तमधील नीतिग्रंथ ब्रिटिश म्युझियममधील पपायरसावरून १९२३ साली प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी जर्मन पंडित अडोल्फ एर्मान यांनी 'नीतिसूत्रे' या बायबलमधील ग्रंथाच्या २२ : १७ ते २४ : २२ या भागाशी त्याचे निकटचे साम्य दाखविले. गरिबाला लुबाडू नये, तापट माणसाची संगत धरू नये, शेताच्या सीमेचा दगड हलवू नये, हे उपदेश दोन्हीकडे आहेत. धनाला पंख फुटून ते उडून जाते ही प्रतिमाही दोन्हीकडे आहे. इजिप्तच्या ग्रंथात ते हंसाच्या जातीच्या पाणपक्ष्यांसारखे उडते, तर हिब्रू ग्रंथात गरुडासारखे. नाईलकाठचा पक्षी डोंगराळ मुलखात आल्यावर गरुड झाला. एवढ्या लहान बदलातही ग्रंथाच्या प्रवासाची खूण दिसते.

३. नवा करार आणि मौखिक परंपरा : रिद्धपूरचा दाखला

नव्या कराराच्या बाबतीत प्रभावाचे दोन प्रवाह आहेत. पहिला ज्यू वाङ्मयाचा. नव्या कराराचे लेखक हिब्रू शास्त्राचे दाखले बहुतेक वेळा त्याच्या ग्रीक अनुवादावरून देतात. हा अनुवाद अलेक्झांड्रिया येथे इ. स. पू. तिसऱ्या शतकात सुरू झाला. यहूदाच्या पत्रात तर पुढे बहुसंख्य चर्चनी प्रमाणग्रंथांत न घेतलेल्या 'हनोखाच्या ग्रंथा'तील वचन उद्धृत केले आहे. दुसरा प्रवाह ग्रीकांचा. अथेन्स येथील भाषणात पौल जे वचन ग्रीक कवींचे म्हणून सांगतो ते अरातुस या कवीच्या खगोलविषयक काव्यात सापडते. झ्यूस या देवाविषयीचे वचन तेथे एकाच सृष्टिकर्त्या देवाकडे वळविलेले आहे. ज्यांना बोध करावयाचा त्यांच्याच कवींच्या शब्दांत तो करावयाचा ही पद्धत या धर्मग्रंथाच्या आतच अशी उपस्थित आहे.

परंतु नव्या करारामागे लिखित ग्रंथांइतकीच आठवणींची परंपरा आहे. येशूच्या मृत्यूनंतर काही दशकांनी शुभवर्तमाने लिहिली गेली. लूक आपल्या ग्रंथाच्या आरंभीच सांगतो की, यापूर्वी अनेकांनी असा प्रयत्न केला असून प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आलेल्या वृत्तान्तावर आपण आधार ठेवला आहे. मार्काचे शुभवर्तमान आधीचे असून मत्तय व लूक यांनी ते वापरले, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

ही प्रक्रिया समजून घेण्यासाठी अमरावती जिल्ह्यातील वाचकाला फार दूर जावे लागत नाही. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर ही गोविंदप्रभूंची भूमी होय. श्रीचक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी स्वामींच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडून गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध केले. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली, असे पंथाची परंपरा सांगते. पाठ असलेल्या मजकुरावरून ती पुन्हा उभी करण्यात आली. त्यामुळे पाठभेद निर्माण झाले. महानुभाव लेखकांनी हे पाठभेद लपविले नाहीत. कोणाच्या स्मरणात काय होते हे 'वासना' म्हणून नोंदवून ठेवले. वि. भि. कोलते यांच्या संपादनामुळे हा ग्रंथ व त्याच्या पाठांचे प्रश्न १९७८ मध्ये विद्वानांसमोर नव्याने आले.

चार शुभवर्तमानांत एकाच प्रसंगाचे चार वृत्तान्त का आढळतात, असे विद्यार्थी विचारतात. वासना नोंदविणाऱ्या पोथीची ओळख असलेल्या विद्यार्थ्याला याचे उत्तर लवकर उमगते. पाठभेद म्हणजे ग्रंथ खोटा असल्याचा पुरावा नव्हे. अनेक माणसांच्या आठवणीतून तो आल्याचा तो पुरावा होय. रिद्धपूर आणि जेरुसलेम यांचा परस्परांवर प्रभाव पडला असे येथे सुचवावयाचे नाही. सारखी परिस्थिती सारखी पद्धत घडविते, एवढेच या तुलनेतून घ्यावयाचे आहे.

४. 'ख्रिस्तपुराण' : पुराणाच्या पात्रात बायबल

आतापर्यंतच्या उदाहरणांत घेणारा लेखक अज्ञात किंवा अस्पष्ट आहे. 'ख्रिस्तपुराणा'त तो आपल्यासमोर उभा राहतो. थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) हे इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातील. जेझुइट संघात प्रवेश करून ते १५७९ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यास आले आणि पुढील चाळीस वर्षे बव्हंशी साष्टी भागात राहिले. त्यांचा ग्रंथ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. देशी लिपीचे खिळे मिळावेत अशी इच्छा त्यांनी आपल्या वरिष्ठांना पत्राने कळविली होती. ती पूर्ण झाली नाही. १६४९ व १६५४ मध्ये आणखी आवृत्त्या निघाल्या. परंतु या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथून रोमन लिपीतील आवृत्ती काढली. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये आली.

सालढाणा यांच्या आवृत्तीत एकंदर १०,९६२ ओव्या आहेत. 'पैलें पुराण' ३६ अवस्वरूंचे असून त्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा येते. 'दुसरें पुराण' ५९ अवस्वरूंचे असून त्यात येशूचे चरित्र येते. हा ग्रंथ बायबलचा अनुवाद नाही आणि धर्मग्रंथ म्हणून त्याला अधिकृत स्थानही नाही. पण मराठीत छापील बायबल येण्यास अजून दोन शतके अवकाश होता. रविवारी व सणाच्या दिवशी चर्चमध्ये वाचले जाणारे हे पुराण म्हणजेच त्या श्रोत्यांच्या कानी पडलेले शास्त्र होते.

प्रभावाचा पहिला पुरावा भाषेच्या निवडीत आहे. साष्टीतील लोकांची बोली कोकणी होती. स्टीफन्स यांना ती उत्तम अवगत होती. तिच्यात त्यांनी लिहिलेली ख्रिस्ती प्रश्नोत्तरी १६२२ मध्ये आणि तिचे व्याकरण १६४० मध्ये, म्हणजे दोन्ही पुस्तके त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाली. मग पुराण मराठीत का ? कारण तेथील श्रोत्यांच्या मनात पुराणाची भाषा मराठी ही होती. व्यवहाराची भाषा एक आणि धर्मकथेची भाषा दुसरी हा संकेत परंपरेने ठरविला होता आणि नव्या धर्माच्या लेखकाने तो मानला. कोकणीतील पुष्कळ शब्द मात्र त्यांनी या मराठीत मोकळेपणाने येऊ दिले.

दुसरा पुरावा रचनेत आहे. ज्ञानेश्वरांपासून चालत आलेली आणि स्टीफन्स यांचे समकालीन असलेल्या एकनाथांनी (मृत्यू १५९९) प्रौढत्वास नेलेली ओवी त्यांनी स्वीकारली. पहिल्या तीन चरणांत यमक, चौथा चरण आखूड, ही घडणही तीच. आरंभी नमन येते, मराठी भाषेची थोरवी गायिली जाते आणि श्रोत्याच्या प्रश्नातून कथेला चालना मिळते. नव्याने ख्रिस्ती झालेल्या समाजातील एक ब्राह्मण पाद्रीला म्हणतो की, आमची जुनी पुराणे आपण बंद केलीत, तर आम्हांस वाचावयास तसेच दुसरे काही का देत नाही ? ही विनंती म्हणजेच ग्रंथाचा निमित्तप्रसंग होय. शुक-परीक्षिताच्या संवादाची सवय असलेल्या श्रोत्याला हा आरंभ परका वाटण्याचे कारण नव्हते.

तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. पुराणाची पाच लक्षणे परंपरेने सांगितली आहेत : सर्ग, प्रतिसर्ग, वंश, मन्वंतर आणि वंशानुचरित. जुना करार या चौकटीत पाहिला तर सृष्टीची उत्पत्ती, प्रलय व पुनःसृष्टी, कुळांच्या याद्या, एकामागून एक येणारी युगे आणि राजांची चरित्रे अशी त्याची मांडणी सहज बसते. रायतूरच्या या ग्रंथाला 'पुराण' हे नाव केवळ लोकरंजनासाठी दिलेले नव्हते. त्या साच्याचे सामर्थ्य लेखकाने ओळखले होते, असे या जुळणीवरून म्हणता येते. निनवेच्या विटेवर कोरलेली प्रलयकथा हिब्रूतून लॅटिनमध्ये आणि लॅटिनमधून ओवीत उतरली. तिचे श्रोते मनू व मत्स्याची कथा ऐकलेले होते. एका कथेच्या जवळजवळ तीन हजार वर्षांच्या प्रवासातील हा मराठी मुक्काम आहे.

५. काय घेतले आणि काय नाकारले

आता चौथा निकष येथे लावून पाहू. स्टीफन्स यांनी स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द घेतला. मुक्ती, मोक्ष, पाप, पुण्य हे शब्द घेतले. परंतु पवित्र आत्मा, क्रूस यांसारख्या ठिकाणी पोर्तुगीज व लॅटिन शब्द तसेच ठेवले. जेथे देशी शब्दाने श्रोत्याचे मन उघडते तेथे तो शब्द घ्यावा आणि जेथे देशी शब्दाने सिद्धान्तच बदलून जाण्याची भीती आहे तेथे परका शब्द ठेवावा, अशी ही विभागणी दिसते.

ही विभागणी स्थिर राहिली नाही, हे मात्र लक्षात घेतले पाहिजे. लंडनमधील मार्सडेन संग्रहात 'ख्रिस्तपुराणा'चे देवनागरी हस्तलिखित आहे. जस्टिन ॲबट यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. रोमन परंपरेत जेथे पोर्तुगीज शब्द आहेत तेथे या हस्तलिखितात पुष्कळदा संस्कृतप्रचुर शब्द आढळतात. मूळ पाठ कोणता, याविषयी मतभेद आहेत. परंतु दोन पाठ शेजारी ठेवले की प्रभाव ही एकदाच घडून संपणारी घटना नसते, हे दिसून येते. नकलाकाराच्या हातीही ती चालू असते.

येथे एक अप्रिय पण अपरिहार्य बाब नोंदविली पाहिजे. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडण्यात आली. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे संघर्ष होऊन जेझुइट धर्मगुरू मारले गेले व त्यानंतर गावावर सूड उगविला गेला. हिंदूंच्या पोथ्या बाळगण्यास मज्जाव होता. त्याच वेळी मिशनरी त्या पोथ्यांचा अभ्यासही करीत होते. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात रामायण-महाभारतावरील मराठी व कोकणी कथांची रोमन लिपीतील हस्तलिखिते आहेत. म्हणजे ज्या परंपरेचे पात्र 'ख्रिस्तपुराणा'ने घेतले तीच परंपरा त्या भूमीवर दडपली जात होती. निमित्तप्रसंगातील ब्राह्मणाच्या प्रश्नात ही पोकळी बोलते आहे. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने देशी भाषेवरच बंधन घालणारा हुकूम काढला आणि या मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा आधारही क्षीण झाला.

म्हणून या ग्रंथाकडे केवळ 'समन्वयाचे सुंदर प्रतीक' म्हणून पाहणे अपुरे आहे आणि केवळ 'धर्मांतराचे साधन' म्हणून तो बाजूला सारणेही अपुरे आहे. मराठीवरील त्याचे प्रेम खरे आहे आणि त्या प्रेमाभोवतीची सत्ताही खरी आहे. बाबिलोनमधील ज्यू लेखक पराभूत होते व त्यांनी जेत्यांच्या कथा नव्या अर्थाने सांगितल्या. साष्टीत जेत्यांच्या धर्माने जितांचा छंद घेतला. प्रभावाची दिशा आणि सत्तेची दिशा एकच असते असे नाही, हा या दोन उदाहरणांचा एकत्रित बोध होय.

६. पुढील वाटा : कीर्तन, ओवी आणि शब्दशुद्धी

ज्यू परंपरेतील मराठी उदाहरण कोकणातील बेने इस्राएल समाजाचे आहे. तेलाचा व्यवसाय करणारे आणि शनिवारी काम न करणारे म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. एकोणिसाव्या शतकात हिब्रूचे शिक्षण व मुद्रण यांमुळे त्यांचा धर्मग्रंथांशी नव्याने परिचय झाला. वल्हांडण सणाची 'हग्गादा' ही पोथी १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू व मराठीत छापली गेली. त्याच शतकाच्या उत्तरार्धात या समाजात कीर्तने होऊ लागली. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी यांच्या चौकटीत अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने रंगविली गेली. येथे कोणाची सक्ती नव्हती. शेजाऱ्याच्या अंगणातील कथनकला आपल्या शास्त्रासाठी स्वेच्छेने घेतलेली होती. मूर्तिपूजेचा निषेध करणाऱ्या धर्माने कीर्तनाचे रूप घेतले, पण आराध्याचे स्वरूप बदलू दिले नाही.

ख्रिस्ती परंपरेत पुढे दोन भिन्न वाटा दिसतात. पहिली ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांची. नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण ख्रिस्ताकडे तुकारामांच्या मार्गाने आलो ही त्यांची भावना होती. त्यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले व ते १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. स्टीफन्स यांनी परंपरा बाहेरून येऊन शिकली. टिळकांच्या ती अंगातच होती.

दुसरी वाट पंडिता रमाबाईंची. मराठीतील नवा करार श्रीरामपूरच्या मिशनने १८११ मध्ये आणि संपूर्ण बायबल अमेरिकन मिशनच्या प्रयत्नाने १८४७ मध्ये प्रसिद्ध झाले होते. पण त्या भाषेत पंडिती शब्द व हिंदू तत्त्वज्ञानाच्या छटा असलेले शब्द फार आहेत, असे रमाबाईंचे मत होते. म्हणून त्यांनी केडगाव येथे मूळ हिब्रू व ग्रीकवरून स्वतंत्र अनुवाद केला. तो त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. संस्कृतवर असामान्य प्रभुत्व असलेल्या विदुषीनेच संस्कृत शब्दांपासून दूर राहण्याचा प्रयत्न करावा, ही घटना अर्थपूर्ण आहे. परंपरेचा भार तिला आतून ठाऊक होता आणि ज्या साध्या, निरक्षर स्त्रियांसाठी तिचे काम चालले होते त्यांना तो भार नको, असे तिला वाटले. जाणीवपूर्वक दिलेला नकार हाही प्रभावाच्या इतिहासाचाच भाग असतो.

वऱ्हाडात अकोला हे अलायन्स मिशनचे प्रमुख ठाणे झाले. यवतमाळ येथे १९५३ पासून युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, ती १९८३ मध्ये पुण्यास गेली. या भागातील मंडळ्यांत वाचले जाणारे 'पवित्र शास्त्र' व गायिली जाणारी टिळकांची पदे वरील दोन्ही वाटांचा वारसा एकत्र वागवितात. 'शास्त्र' हा शब्दच त्याची साक्ष आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) ज्यू व ख्रिस्ती धर्मग्रंथांवर पूर्वीच्या परंपरांचा प्रभाव आहे, हे प्रलयकथा, कायदा व नीतिवचने यांच्या बाबतीत तपशिलाने दाखविता येते. या प्रभावाने त्यांचे स्वत्व नष्ट होत नाही. केलेल्या बदलांतून ते अधिक स्पष्ट होते.

२) प्रभाव प्रामुख्याने रचनाप्रकार, प्रतिमा, कथानक व शब्दसंपदा यांत वावरतो. सिद्धान्ताच्या उंबरठ्याशी आल्यावर निवड, नकार आणि अर्थांतर सुरू होते. 'ख्रिस्तपुराणा'तील 'वैकुंठ' आणि 'क्रूस' या दोन शब्दांत ही सीमा दिसते.

३) प्रभावाचा विचार सत्तेच्या विचारावाचून अपूर्ण राहतो. परंपरा कोणी, कोणत्या परिस्थितीत व कोणाच्या संमतीने घेतली, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकानेही विचारला पाहिजे.

अध्यापनाच्या दृष्टीने याचा एक व्यावहारिक उपयोग आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात 'ख्रिस्तपुराण' बहुधा भाषास्तुतीच्या काही ओव्यांपुरते शिकविले जाते. त्यातील प्रलयाचा भाग, 'उत्पत्ती'तील अध्याय आणि गिल्गमेशच्या अकराव्या विटेचा अनुवाद असे तीन पाठ मराठी, इतिहास व इंग्रजी विभागांना मिळून विद्यार्थ्यांसमोर ठेवता येतील. जोडीला 'लीळाचरित्रा'तील वासना नोंदविलेले एखादे पान घेता येईल. कोणाचा ग्रंथ श्रेष्ठ, हा वाद तेथे सुरू होण्याचा संभव नाकारता येत नाही. अशा वेळी काय घेतले, काय बदलले, काय नाकारले आणि का, हे चार प्रश्न फळ्यावर लिहिलेले असावेत. त्यांची उत्तरे पाठांतूनच काढावयाची असा दंडक ठेवला, तर वादाची जागा वाचन घेईल. वेगवेगळ्या धर्मांचे विद्यार्थी एकाच बाकावर बसणाऱ्या आपल्या महाविद्यालयांतून अशा वाचनाची गरज आज अधिक आहे.